एका तारेचे गाव आणि ९९ रुपयांचे इंटरनेट: केळापूर तालुक्यातील एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याच्या एका गावात, निवडक सेवा वेगाने आणि बाकी सगळ्या मंद चालवणाऱ्या एका स्वस्त इंटरनेट पॅकवरून, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जे घडले, त्याची ही नोंद आहे. गाव पांढरकवड्याहून आत, पैनगंगेच्या बाजूला आहे. गावाचे, गावात इंटरनेट पुरवणाऱ्या केबलचालकाचे आणि त्याच्यामागच्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण प्रश्न एका माणसापुरता नाही आणि त्या माणसाला आजही त्याच गावात राहायचे आहे. गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात मी काही वर्षे आहे. या प्रकरणातली तपासणी वाचनालयाच्या अभ्यासिकेतून झाली आणि नंतरचा पत्रव्यवहार मी स्वतः केला, त्यामुळे गावाविषयी पुढे जे लिहिले आहे ते ऐकीव नाही.

त्या हंगामात इंटरनेट ही नुसती सोय राहिली नव्हती. भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्यांना ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी आवश्यक केली. नोंदणी १ सप्टेंबरला सुरू झाली, तिची मुदत पुढे वाढत गेली, आणि केंद्रावर कापूस आणण्याचा दिवसही त्याच ॲपवर ठरवायचा होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले होते, ती माफी नंतर डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली, आणि खासगी बाजारातले भाव हमीभावाच्या बरेच खाली होते. आधार, सातबारा आणि पीकपेऱ्याची नोंद ज्याने ॲपवर चढवली त्याला सीसीआयचे दार उघडे होते. ज्याला ते जमले नाही त्याच्यासमोर खेडा खरेदीवाल्याची, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या खासगी व्यापाऱ्याची, गाडी उभी होती. पहिल्या वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झाली, तेव्हा गावात हाच एक विषय होता.

गाव खोलगटात वसले आहे. मोबाइलची रेंज मारुतीच्या पारावर आणि पाण्याच्या टाकीजवळ मिळते, घरात मिळत नाही, आणि वीज गेली की काही वेळाने टॉवरही बंद पडतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी केबलचालकाने पांढरकवड्याकडून ऑप्टिकल फायबरची तार आणली तेव्हा गावाने ती आनंदाने घेतली. हा चालक गावचाच आहे. आधी तो टीव्हीची केबल चालवत असे. आता तो एका परवानाधारक इंटरनेट कंपनीचा स्थानिक भागीदार आहे, म्हणजे परवाना कंपनीचा, तार आणि ग्राहक त्याचे. त्याचा पूर्ण इंटरनेटचा पॅक ३९९ रुपयांचा होता. मोबाइल कंपन्यांनी जुलै २०२४ मध्ये दर वाढवल्यावर काही घरांनी फोनचा रिचार्ज नुसता नंबर चालू राहण्यापुरता ठेवला आणि घरात तारेचे इंटरनेट घेतले. ३९९ मात्र सगळ्यांना परवडत नव्हते.

२०२५ च्या पोळ्याच्या सुमारास त्याने ९९ रुपयांचा पॅक आणला. त्यात व्हॉट्सॲप आणि यूट्यूब हवे तितके चालेल आणि तालुक्यातल्या एका खासगी कापूस व्यापाऱ्याचे ॲपही ‘फुल स्पीड’ चालेल, असे पत्रक घरोघरी आले. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘बाकी सेवा सर्वसाधारण वेगाने’ एवढीच एक ओळ होती. व्यापाऱ्याच्या ॲपवर रोज सकाळी त्याचा त्या दिवसाचा भाव येई आणि बटण दाबले की त्याची गाडी काटा घेऊन दारात येई. गावातल्या निम्म्याच्या आसपास घरांनी हा पॅक घेतला, आणि घेणाऱ्यांत लहान कास्तकार व मजुरांची घरे जास्त होती.

सर्व्हर डाऊन

सप्टेंबरच्या अखेरीपासून एकच तक्रार ऐकू येऊ लागली: ‘कपास किसान’ उतरत नाही, उतरले तर उघडत नाही, उघडले तर सातबाऱ्याचा फोटो चढता चढता अडकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. ओटीपी फोनवर येतो, तो घ्यायला पारावर जावे लागे, आणि परत घरी येईपर्यंत पान मुदत संपून बंद झालेले असे. काही घरांनी पोरांना पारावर उभे केले आणि त्यांनी तिथून आकडे ओरडून सांगायचे, असा मार्ग काढला. ज्यांच्या फोनमध्ये डेटा होता त्यांनी पारावर बसूनच नोंदणी उरकली. उरलेल्यांनी ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे म्हणून वाट पाहिली.

या दोन शब्दांपाशी मी थोडा थांबतो, कारण माझ्या मते या प्रकरणाचे मर्म तिथे आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या गावांनी सरकारी संकेतस्थळांची इतकी वाट पाहिली आहे, शिष्यवृत्तीच्या अर्जापासून पीकविम्यापर्यंत आणि ई-पीक पाहणीपासून सातबाऱ्यापर्यंत इतक्या वेळा ते गोल फिरणारे चिन्ह पाहिले आहे, की सरकारी पान उघडले नाही तर दोष सरकारचा हे आता सगळ्यांना गृहीतच वाटते. एखाद्याला मधल्या तारेवर काही पानांचा वेग दाबायचा असेल तर याहून चांगला आडोसा मिळणार नाही. पान बंद केले असते तर कोणीतरी विचारले असते. ते नुसते मंद केले, म्हणून कोणाला विचारावेसेच वाटले नाही.

संशय घेतला तो अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका मुलीने. तिच्या घरी ९९ चा पॅक होता आणि वाचनालयात ३९९ चा. घरी जुन्या प्रश्नपत्रिका उतरत नाहीत आणि वाचनालयात लगेच उतरतात, एवढेच तिच्या आधी लक्षात आले. तिच्या वडिलांनी तिला समजावले की आपली तार लांबची आहे, वाटेत जोड आहेत. तिने उत्तर दिले की तार खराब असती तर यूट्यूब आधी बंद पडले असते. व्हिडिओला एका मिनिटात जितका डेटा लागतो तितका प्रश्नपत्रिकेला एकूणही लागत नाही, आणि व्हिडिओ तर अडखळतही नव्हता. या एका वाक्यानंतर आम्ही वाचनालयाचा लॅपटॉप तिच्या घरी नेला.

तिने वही आखली. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात काय उघडले, तिसऱ्यात किती सेकंद लागले. तीन संध्याकाळी रात्री आठच्या सुमारास, तोच लॅपटॉप, आधी तिच्या घरच्या तारेवर आणि लगेच वाचनालयाच्या तारेवर, अशी पाळी ठेवली. घरी व्यापाऱ्याचे ॲप आणि यूट्यूब क्षणात उघडत होते. बाजार समित्यांचे भाव दाखवणारे केंद्र सरकारचे ॲगमार्कनेटचे पान तीन मिनिटांनंतरही अर्धेच होते. साधारण १ एमबीची एक पीडीएफ फाइल घरी उतरायला २ मिनिटे १० सेकंद लागली, वाचनालयात ३ सेकंद. म्हणजे त्या घडीला सर्व्हर डाऊन नव्हता, कारण वाचनालयातून तो उत्तर देत होता. आणि घरची तारही खराब नव्हती, कारण व्हिडिओ चालत होता.

चौथ्या दिवशी तिने जे केले ते मला स्वतःला सुचले नसते. ती पहाटे पाचला उठली आणि तीच फाइल पुन्हा उतरवली. पहाटे गाव झोपलेले असते, तारेवर गर्दी नसते. फाइलला पुन्हा २ मिनिटे ९ सेकंद लागले. मग तिने वेगवेगळ्या तीन संकेतस्थळांवरून तेवढ्याच आकाराच्या फाइली उतरवल्या आणि प्रत्येकीला तेवढाच वेळ लागला. गर्दीमुळे मंदावलेला वेग तासातासाला बदलतो, संकेतस्थळागणिक बदलतो. जो वेग रात्री आठला आणि पहाटे पाचला, दिल्लीच्या सर्व्हरला आणि मुंबईच्या सर्व्हरला एकच राहतो, तो कोणीतरी बांधून दिलेला असतो. हिशेब केला तर तो सेकंदाला ६४ किलोबिट, म्हणजे सुमारे ८ किलोबाइट निघतो. या वेगाने २० एमबीचे ॲप उतरायला पाऊण तास लागतो, आणि सातबाऱ्याचा मोठा फोटो चढवताना पानाची मुदत संपणे अटळच आहे.

यामागचे तंत्र अवघड नाही. पुरवठादाराच्या केंद्रावरचा राउटर प्रत्येक जोडणी कुठे चालली आहे ते पाहू शकतो. आतला मजकूर कूटबद्ध असला तरी जोडणी सुरू होताना संकेतस्थळाचे नाव आणि पत्ता बहुधा उघड असतो. यादीतल्या नावांना मोकळी वाट आणि बाकी सगळ्यांना एक चिंचोळी वाट, असा नियम काही ओळींत बसवता येतो. तो नियम ‘कपास किसान’वर रोखून लिहिला गेला होता असे मानायला मला काही आधार दिसला नाही. ते ॲप यादीत नव्हते, आणि त्यामुळे जे व्हायचे ते झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण हा मुद्दा चालकानेही नंतर मांडला. यूट्यूबसारख्या मोठ्या सेवांच्या मजकुराच्या प्रतींचा साठा पुरवठादाराच्या जवळ ठेवलेला असतो, त्यामुळे त्यांचे व्हिडिओ दूरच्या पानांपेक्षा लवकर येतात, आणि त्यात गैर काही नाही. दूरसंचार विभागाच्या नियमांतही अशा साठ्यांची व्यवस्था वेगळी काढलेली आहे. पण जवळचा साठा एका सेवेला वेग देतो, दुसरीचा वेग ६४ किलोबिटवर बांधत नाही. वाचनालयाच्या तारेवर यूट्यूबही वेगात होते आणि ॲगमार्कनेटही.

ज्या कास्तकाराचे उदाहरण दिले गेले

इंटरनेट पुरवणाऱ्याने आपल्या तारेवरून जाणाऱ्या सगळ्या मजकुराला सारखे वागवावे, कोणाला अडवू नये, कोणाला मंद करू नये आणि कोणाकडून पैसे घेऊन त्याला पुढे काढू नये, हे तत्त्व नेट न्यूट्रॅलिटी या नावाने ओळखले जाते. हे नाव अमेरिकी कायदेतज्ज्ञ टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केले. भारतात ते घराघरांत पोहोचले २०१५ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ॲपसेवांच्या नियमनावर मते मागवली आणि इंटरनेट खुले राहावे म्हणून दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. फेब्रुवारी २०१५ मध्येच फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने निवडक संकेतस्थळे मोफत देणारी योजना भारतात आणली होती; सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, आणि सप्टेंबरमध्ये तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले.

त्या योजनेच्या बाजूने मार्क झुकरबर्ग यांनी डिसेंबर २०१५ च्या अखेरीस एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात उदाहरण होते महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे, जो या मोफत सेवेवर पावसाचा अंदाज आणि शेतमालाचे भाव पाहतो. मी तो लेख तेव्हा वाचला होता आणि, खरे सांगायचे तर, मला तो पटलाही होता. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेले बरे, हा विचार आपल्याकडे सहज पटतो, कारण अनेक गोष्टी आपल्याला अर्ध्याच मिळत आल्या आहेत. दहा वर्षांनी तेच उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडले तेव्हा त्यातली चूक दिसली: यादी करणारा आणि कापूस घेणारा एकमेकांशी बांधले गेले, तर कास्तकाराला भाव दिसतो, पण एकच दिसतो.

ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुराच्या आधारावर वेगवेगळे दर लावण्यास बंदी करणारे विनियम काढले. मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार रुपये आणि कमाल ५० लाख रुपये दंड ठरला. आणीबाणीच्या प्रसंगी सवलतीचा दर चालतो, आणि इंटरनेटशी न जोडलेल्या बंदिस्त जाळ्याला हा नियम लागू नाही. तीनच दिवसांनी फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स मागे घेतले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने सविस्तर शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने समान वागणुकीची अट परवान्यांतच घातली. मजकूर अडवणे, त्याचा दर्जा घटवणे, तो मंद करणे किंवा काहींना प्राधान्याचा वेग देणे, हे सगळे त्या अटीत भेदभाव म्हणून मोजले जाते. जाळ्यावरची गर्दी सांभाळण्यासाठी उपाय करता येतात, पण ते प्रमाणात, तात्पुरते आणि जाहीर असले पाहिजेत.

या कसोट्यांवर ९९ चा पॅक तपासला तर तो कुठेच टिकत नाही. ते बंदिस्त जाळे नव्हते, कारण यादीतल्या तिन्ही सेवा खुल्या इंटरनेटवरच्या होत्या. तो गर्दीवरचा उपाय नव्हता, कारण पहाटे पाचलाही तोच वेग होता. तो जाहीरही नव्हता, कारण ‘सर्वसाधारण वेग’ म्हणजे ६४ किलोबिट हे कुठेही छापलेले नव्हते. दर आणि मजकूर यांची सांगड घातल्याने २०१६ च्या विनियमांचा प्रश्न येतोच. परंतु माझ्या मते २०१८ ची परवान्याची अट इथे अधिक थेट लागू पडते, आणि परवाना कंपनीचा असल्याने उत्तर देण्याची जबाबदारी कंपनीची ठरते, तिच्या गावातल्या भागीदाराची नव्हे.

चालकाची बाजू

तक्रार लिहिण्याआधी आम्ही चालकाला वाचनालयात बोलावले. तो आला, वही त्याने शांतपणे पाहिली, आणि काहीही नाकारले नाही. त्याचे म्हणणे जसे होते तसे इथे देतो. तो कंपनीकडून बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, विकत घेतो आणि तिचे पैसे दरमहा भरतो, गिऱ्हाइकाने दिले तरी आणि थकवले तरी. माकडे तार तोडतात, पावसाळ्यात विजेने यंत्रे जळतात, खांबांचे भाडे द्यावे लागते. ३९९ देणारी घरे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी होती आणि धंदा बुडत होता. अशा वेळी व्यापारी म्हणाला की माझे ॲप पुढे ठेव, महिन्याचे ठरावीक पैसे मी देतो. त्या पैशांमुळेच ९९ चा दर शक्य झाला. “ताई, मी कोनाचं काही बंद केलं नाही, गरिबाले परवडन असं देल्लं,” असे त्याने त्या मुलीला सांगितले, आणि मला वाटते तो मनापासून बोलत होता. असा काही नियम आहे हे त्याला ठाऊक नव्हते. कंपनीनेही त्याला ते कधी सांगितले नव्हते.

मुलीने त्याला एकच विचारले, “भाऊ, त्या व्यापाऱ्यानं पैसे देल्ले ते कोनाच्या कापसातून देल्ले?” त्यावर तो काही बोलला नाही.

बैठकीला आलेल्या एका वृद्ध कास्तकाराने मात्र या प्रश्नाला जुना संदर्भ दिला. १९७२ मध्ये राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा कापूस राज्याच्या यंत्रणेलाच विकावा लागे आणि चुकारे रखडत. सीमेवरच्या गावांतले लोक रात्री बंड्या भरून पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजारात कापूस नेत. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने माल कुठेही विकण्याची मोकळीक मागितली, ती मागणी या भागात लगेच समजली, कारण लोकांनी तिच्यासाठी रात्री जागवल्या होत्या. म्हातारा म्हणाला, “पैले सरकार म्हने आमालेच इका. आता हा वायर म्हनते याचाच भाव पाहा.” एकाधिकार योजनेचा हेतू व्यापाऱ्याच्या लुटीपासून वाचवण्याचा होता आणि इथे तर व्यापारीच यादीत होता, म्हणून दोन्हींची तुलना पूर्ण जुळत नाही. तरी दुसऱ्या बाजाराचा भाव समजणे ही सौदा करण्याची पहिली अट आहे, हे त्याने आमच्यापेक्षा नेमके सांगितले. पांढरकवड्याचा, वणीचा, हिंगणघाटचा आणि आदिलाबादचा भाव एका वेळी समोर असेल, तर दारातल्या गाडीवाल्याशी बोलण्याचा सूर वेगळा असतो.

नुकसानीचा हिशेब

नुकसान किती झाले, हे सांगताना मी काळजी घेतो. एका विधवा कास्तकार महिलेचे कागद मी पाहिले. तिने ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्या वेच्याचा ११ क्विंटल कापूस त्या ॲपवरून ६,८०० रुपयांनी विकला. नोंदणीचा प्रयत्न तिच्या मुलाने चार रात्री केला होता. ८,११० च्या हमीभावाशी फरक क्विंटलला १,३१० रुपये, म्हणजे ११ क्विंटलचे १४,४१० रुपये. मात्र ही सगळी रक्कम यादीच्या माथी मारणे बरोबर नाही. सीसीआय ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव देते, ओलावा त्याहून जास्त असेल तर भावात कपात करते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेत नाही. पहिल्या वेच्याचा कापूस पावसाने ओला होता, त्यामुळे केंद्रावरही तिला पूर्ण भाव मिळाला नसता. शिवाय दिवाळी तोंडावर होती आणि तिला नगदी पैशाची गरज होती. पण कापूस वाळवून पंधरा दिवस थांबावे की आजच विकावा, हा निर्णय तिने पुरेशी माहिती हाती असताना घ्यायला हवा होता. तिने तो एकच भाव पाहून आणि ‘सर्व्हर डाऊन’ ऐकून घेतला.

जे मोजता येत नाही तेही होते. गावातला एक बचत गट जवसाची चटणी आणि मूगवड्या नागपूर-अमरावतीकडे पाठवतो. त्यांचे छोटे संकेतस्थळ त्यांच्याच अर्ध्या सभासदांना घरी उघडत नव्हते. तालुक्याच्या बातम्या देणारे पोर्टल मंद झाले, आणि लोकांना बातमी तेवढी उरली जी कोणीतरी व्हॉट्सॲपवर पुढे ढकलली. यादी करायची म्हटले की जे आधीच मोठे आहेत तेच तिच्यात बसतात. नवे आणि लहान कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात इंटरनेटवरून व्यक्त होणे आणि इंटरनेटवरून व्यवसाय करणे या दोन्हींना राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ चे संरक्षण असल्याचे सांगितले. तो निकाल सरकारने केलेल्या इंटरनेटबंदीविषयी आहे, खासगी पुरवठादाराला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण गावात तार एकच असेल तेव्हा ती सरकारने बंद केली की चालकाने चिंचोळी केली, हा फरक घरात बसलेल्याला फारसा जाणवत नाही.

पुढे काय झाले

तक्रारीचा मार्ग अनेकांना माहीत नसतो, म्हणून तो लिहितो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः हाताळत नाही. आधी परवानाधारक कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचे आणि नोंदणी क्रमांक घ्यायचा, समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या लोकतक्रार पोर्टलवरून दूरसंचार विभागाकडे. आम्ही वहीच्या पानांचे फोटो, पत्रकाची प्रत आणि दोन्ही तारांवरच्या नोंदी जोडून कंपनीला लिहिले आणि २०१८ च्या अटीचा उल्लेख केला. ‘इंटरनेट चालत नाही’ असे लिहिले असते तर बहुधा एक तंत्रज्ञ येऊन जोड तपासून गेला असता. ‘यादीतले चालते आणि यादीबाहेरचे पहाटे पाचलाही ६४ किलोबिटने चालते’ असे लिहिल्यावर पत्र वरच्या माणसापर्यंत गेले. सुमारे तीन आठवड्यांनी उत्तर आले की असा पॅक कंपनीने मंजूर केलेला नाही आणि तो बंद करण्यास सांगितले आहे. चूक झाली, असे त्या उत्तरात कुठेही नव्हते.

पॅक बंद झाल्यावर गरीब घरांनी काय करायचे, हा चालकाचा प्रश्न खरा होता आणि तो टाळून चालले नसते. स्वस्त इंटरनेटला कायद्याची हरकत नाही. हरकत आहे ती निवडून स्वस्त करण्याला. ट्रायनेच डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांना दरमहा १०० एमबी डेटा मोफत द्यावा आणि त्याचा खर्च गावोगावी दूरसंचार सेवा पोहोचवण्यासाठीच्या सार्वत्रिक सेवा निधीतून करावा, अशी शिफारस केली होती. तो डेटा कोणत्याही पानासाठी वापरता यावा, हाच त्यातला मुद्दा होता. त्याच धर्तीवर बसून हिशेब केला. चालकाने १४९ रुपयांचा पॅक आणला: वेग २ मेगाबिट, पण सगळ्यांना सारखा. त्यावर व्हिडिओ आता पूर्वीइतका स्वच्छ दिसत नाही आणि काही घरांनी त्याबद्दल कुरकुर केली. ५० रुपये जास्त देणे जमणार नाही म्हणून काही घरांनी जोडणीच सोडली, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्यासाठी वाचनालय आता रात्री दहापर्यंत उघडे असते आणि नोंदणीसाठी एक संगणक वेगळा ठेवला आहे. ज्यांची ‘कपास किसान’ची नोंदणी राहिली होती त्यांपैकी बहुतेकांची वाढीव मुदतीत तिथे झाली.

भारतातले हे संरक्षण विनियम आणि परवान्याची अट यांच्या रूपात आहे आणि त्याची पाठराखण सतत करावी लागते. अमेरिकेत हेच नियम २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये रद्द ठरले, २०२४ मध्ये परत आणले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने पुन्हा मोडीत काढले. आपल्याकडेही मोठ्या संकेतस्थळांनी दूरसंचार कंपन्यांना वाहतुकीचा मोबदला द्यावा, ही मागणी त्या कंपन्या वारंवार करतात. ती मान्य झाली तर केळापूरच्या चालकाने व्यापाऱ्याशी केला तसा सौदा देशभर होऊ शकेल, अशी मला खरी भीती वाटते.

आमच्या गावापुरते प्रकरण मिटले, तरी ती तार गावात संपत नाही. ती पुढे आणखी दोन गावांना जाते, आणि तिथे दुसऱ्या भागीदाराकडे ९९ चाच पॅक वेगळ्या पत्रकावर चालू असल्याचे तिथल्या शिक्षकांनी कळवले आहे. मुलीची पूर्वपरीक्षा झाली आहे. येत्या रविवारी ती वाचनालयाचा लॅपटॉप आणि तीच वही घेऊन तिकडे मुक्कामी जाणार आहे, म्हणजे पहाटे पाचची नोंद तिथेही घेता येईल.